पाव ज्या गावाहून आला

युरोपहून परतलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न विचारतात तो आयफेल टॉवरचा नसतो. "जेवणाचे काय केलेत?" हा तो प्रश्न. त्यात काळजी असते, कुतूहल असते आणि किंचित दयाही असते. बारा-पंधरा दिवस पाव-लोणी खाऊन आलेला माणूस म्हणून त्याच्याकडे पाहिले जाते आणि लगेच पिठले-भाताचे आमंत्रण मिळते. आमच्या वाट्यालाही ही आमंत्रणे आली. पण खरे सांगायचे तर या प्रवासात जेवण ही अडचण नव्हतीच. जेवण हाच प्रवास होता.

2024 च्या मे महिन्यात आम्ही पाच जण पोर्तुगाल आणि स्पेनमधली शहरे पाहून आलो. आम्ही उभयता, बारावी संपवून निकालाची वाट पाहणारी लेक, नववीतून दहावीत गेलेले चिरंजीव आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आमच्या सासूबाई. घरात सगळे त्यांना आईच म्हणतात, मीही म्हणते. सहल-कंपनीच्या बसमधून 'दहा दिवसांत सात देश' करायचे नाहीत, हे आधीच ठरले होते. मोजकी शहरे, प्रत्येक ठिकाणी चार दिवस, भाड्याची स्वयंपाकघर असलेली जागा आणि दिवसातून एक जेवण बाहेर, असा बेत होता. कुठे जायचे यावर मात्र घरात महिनाभर चर्चा चालली. मुलांना पॅरिस हवे होते. मी इतिहास शिकवते, त्यामुळे लिस्बन माझ्या मनात बरीच वर्षे होते. लिस्बनचे नाव निघाले आणि आई म्हणाल्या, "तुम्ही जा. मी फिरंग्याच्या गावात यायची नाही."

हे वाक्य समजायचे तर थोडे मागे जावे लागेल. आईंचे माहेर सावंतवाडी-बांद्याकडचे, गोव्याच्या हद्दीला लागून. 15 ऑगस्ट 1955 रोजी देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले हजारो निःशस्त्र सत्याग्रही वेगवेगळ्या ठिकाणांहून गोव्याची हद्द ओलांडून आत शिरले. पोर्तुगीज पोलिसांनी गोळीबार केला. त्या दिवशी वीसहून अधिक माणसे मारली गेली. बांद्यापलीकडच्या पत्रादेवीला आज त्यांचे स्मारक आहे. आई तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या. आदल्या रात्रभर त्यांच्या आईने आणि शेजारणींनी चुलीवर भाकऱ्या भाजल्या. फडक्यात चार भाकऱ्या, वर लसणीची चटणी आणि कांदा, असे गाठोडे बांधून हाती द्यायचे काम मुलींकडे होते. दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने माणसे परत आली, काही पायी, काही खाटेवर. त्यांच्या आईने त्यानंतर आयुष्यभर पाव तोंडात घातला नाही. पाव फिरंग्याचा, एवढेच तिचे कारण. तसेही विहिरीत पाव टाकून गावे बाटवल्याच्या गोष्टी त्या पट्ट्यात पिढ्यान्पिढ्या सांगितल्या जात. लेकीने हे व्रत सासरीही चालवले. गल्लीच्या टोकाला वडापावची गाडी असलेल्या बेळगावात त्या साठ वर्षे पावाशिवाय राहिल्या. नातवंडे चिडवत, त्या हसत, पण खात नसत.

अखेर त्या आल्या, पण एका अटीवर. "आपली माणसे तिथे कोंडून ठेवली होती ना, ती जागा मला दाखवायची." मी ते मान्य केले.

प्रवासाला निघणाऱ्यांसाठी एक उपयुक्त माहिती इथेच देते. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांसाचे आणि दुधाचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत. त्यामुळे बेळगावचा कुंदा घरीच ठेवावा लागतो, तूपही. मेतकूट, भाजणी, सुकी चटणी, डाळ-तांदूळ न्यायला आमची कुठेही अडचण आली नाही. छोटा कुकर मात्र जरूर न्यावा. वरण-भाताचा एक घास मिळाला की घरची मोठी माणसे दुसऱ्या दिवशी नव्या पदार्थाकडे अधिक उदार नजरेने पाहतात, असा आमचा अनुभव आहे.

लिस्बन हे सात टेकड्यांचे गाव म्हणवते. चढ, उतार, दगडी फरशा आणि मधूनच खडखडत जाणारी पिवळी ट्राम. घरांच्या दर्शनी भिंतींवर निळ्या-पांढऱ्या टाइल्स, खिडक्यांत वाळत घातलेले कपडे. 1 नोव्हेंबर 1755 च्या भूकंपात या शहराचा मोठा भाग कोसळला, लाटांनी आणि आगीने उरलेला गिळला. नंतर खालचा भाग सरळ रस्ते आखून नव्याने उभारला गेला. जुन्या भागात फिरताना पणजीचे फोंतेन्हास आठवते.

पहिल्याच सकाळी चिरंजीव कोपऱ्यावरच्या बेकरीतून उड्या मारत परत आले. "आई, ते लोक पण पावच म्हणतात!" उच्चार थोडा नाकातला, 'पाँव'च्या जवळचा, पण शब्द तोच. मग त्याने वहीच केली. बटाट्याला 'बाताता', काजूला 'काजू', अननसाला 'अननाश', कोबीच्या जातीच्या भाजीला 'कोव', किल्लीला 'शाव्ह' म्हणजे आपली चावी, बादलीला 'बाल्द', फितीला 'फिता', घमेल्याला 'गामेला'. पैसे देणे याला 'पगार' आणि लिलावाला 'लैलांव'. चहासुद्धा 'शा'. आई खिडकीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आणि याला?" उत्तर मिळाले, 'जानेला'. आईंच्या माहेरी खिडकीला जनेलच म्हणतात. त्या क्षणभर गप्प झाल्या. ज्यांच्याशी भांडण, त्यांचे शब्द आपल्या माजघरात इतकी वर्षे नांदत होते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

व्याकरण शिकवताना आपण 'परभाषीय शब्द' असे म्हणून एक यादी देतो आणि पुढे जातो. पण ही यादी नीट पाहिली तर तिच्यात सोळाव्या शतकानंतरचे अर्धे स्वयंपाकघर सापडते. बटाटा, काजू, अननस, पपई, मिरची, तंबाखू ही मुळात अमेरिका खंडातली पिके. पोर्तुगीज गलबतांनी ती आपल्या किनाऱ्यावर उतरवली. त्याआधी आपल्या जेवणाला तिखटपणा होता तो काळ्या मिरीचा, पिंपळीचा आणि आल्याचा. आज आपण ब्याडगी मिरची ही आपल्या मातीची ओळख म्हणून मिरवतो, आणि ते खरेही आहे. पण तिचे मूळ कूळ समुद्रापलीकडचे. उपासाच्या ताटातला बटाटाही तिथलाच. ज्या पदार्थांशिवाय एकादशी होत नाही, ते एकादशीइतके जुने नाहीत.

लिस्बनमध्ये पहिले जेवण झाले ते 'काल्दो व्हेर्द' या हिरव्या सुपाचे. बटाटा शिजवून घोटायचा आणि त्यात केसासारखी बारीक चिरलेली हिरवी कोवची पाने घालून एक उकळी आणायची. वर ऑलिव्ह तेलाची धार. त्यात सॉसेजची एक चकती टाकायची पद्धत आहे, पण आधी सांगितले तर घालत नाहीत. शाकाहारी लोकांनी मूळ पाणी मांसाचे नाही ना, हे विचारून घ्यावे. साधे कामगार जेवतात अशा खाणावळींत दारावर 'आजचे ताट' लिहिलेले असते. दहा-बारा युरोंत पोटभर जेवण होते. टेबलावर न मागता पाव, ऑलिव्ह, लोणी आणून ठेवतात. ते फुकट नसते. हात लावला तर पैसे, नाहीतर नाही. आईंनी चार दिवस त्या टोपलीला हात लावला नाही, तो पैशांमुळे नव्हे.

मासे मात्र त्यांनी मनापासून खाल्ले. बाजारात लाकडासारखे कडक, मिठाने पांढरे झालेले मोठे मासे उभे रचून ठेवलेले होते. हाच 'बाकल्याव', म्हणजे खारवून वाळवलेला कॉड. गंमत म्हणजे हा मासा पोर्तुगालच्या किनाऱ्यावर मिळत नाही. तो उत्तरेकडच्या थंड समुद्रातून येतो, आज मुख्यतः नॉर्वे-आइसलँडकडून. तरी तो त्यांचा राष्ट्रीय पदार्थ. वर्षाच्या प्रत्येक दिवसाला त्याची एक वेगळी पाककृती आहे, असे ते अभिमानाने सांगतात. एक-दोन दिवस पाणी बदलत भिजवायचा, मग रांधायचा. आईंनी दुकानात नाक पुढे करून वास घेतला आणि साठ वर्षांच्या बेळगावी बोलीतून थेट माहेरच्या बोलीत उतरल्या. "ह्यो तर आमचो खारो मासोच मा गो!" पावसाळ्यापूर्वी खारा बांगडा भरून ठेवणाऱ्या घरातली ती बाई. तिला या माशाची ओळख कोणी करून द्यावी लागली नाही. कोळशावर भाजलेल्या सार्डिन पाहून तर त्यांनी "तारली!" असे मोठ्याने म्हटले. वर फक्त जाडे मीठ होते. मसाला नाही म्हणून त्यांनी नाराजी नोंदवली, पण ताटात काटे तेवढे उरले.

संध्याकाळी कॉफीच्या दुकानात काचेच्या कपाटात त्रिकोणी तळलेला पदार्थ दिसला. नाव 'शामूसा'. हा आपला सामोसाच. गोवा आणि मोझांबिकमधून गेलेल्या माणसांनी तो तिथे नेला आणि आता तो लिस्बनच्या कोणत्याही साध्या हॉटेलात मिळतो. म्हणजे गलबते रिकाम्या हाताने परतली नाहीत.

बेलेम हा नदीकाठचा भाग. इथूनच 1497 मध्ये वास्को द गामा निघाला आणि 1498 च्या मे महिन्यात कालिकतजवळ पोहोचला. जेरोनिमोस मठाचे बांधकाम 1501 मध्ये सुरू झाले. त्याचा खर्च भागला तो आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावर बसवलेल्या करातून. त्या व्यापारात मिरीचा वाटा मोठा होता. दगडात दोरखंड, पोवळी आणि समुद्री वनस्पती कोरल्या आहेत. आत वास्को द गामाची कबर आहे. लेक हळूच म्हणाली, "एवढे सगळे मिरीसाठी?" मी म्हटले, बहुतांशी मिरीसाठी.

मठाशेजारी 1837 पासून चालणारे मिठाईचे एक दुकान आहे. 1834 मध्ये पोर्तुगालमधले मठ सरकारने बंद केले. पोट भरण्यासाठी मठातल्या लोकांनी गोड पदार्थ विकायला सुरुवात केली, त्यातून हे दुकान उभे राहिले असे सांगतात. पापुद्र्याच्या वाटीत अंड्याच्या बलकाचे कस्टर्ड, वर भाजल्याचे काळे डाग. गरम असतानाच दालचिनीची पूड आणि पिठीसाखर भुरभुरवून खायचे. मठांत अंड्याचा पांढरा भाग कपड्यांना खळ करायला वापरत आणि उरलेल्या बलकाचे काय करायचे यातून पोर्तुगीज मिठाया जन्मल्या, असे तिथे सर्रास ऐकायला मिळते. आमच्या घरात त्या दिवशी एका बैठकीत चौदा संपले. आईंना मात्र 'आरोश दोस' अधिक आवडले. ती म्हणजे घट्ट तांदळाची खीर, वर दालचिनीच्या पुडीची चिमटीने काढलेली नक्षी. "रांगोळीच घातली आहे," त्या म्हणाल्या.

आता त्या अटीविषयी. लिस्बनच्या मुख्य चर्चजवळ, अठ्ठावीस नंबरच्या ट्रामच्या वाटेवरच, आल्जुब नावाची इमारत आहे. सालाझारच्या गुप्त पोलिसांनी राजकीय कैद्यांना ठेवायला ती 1965 पर्यंत वापरली. 2015 मध्ये तिथे संग्रहालय झाले. माणूस धड हातपायही पसरू शकणार नाही अशा कोठड्या आहेत. आईंनी बाहेरूनच त्या न्याहाळल्या. पण आपली माणसे प्रामुख्याने होती ती दुसरीकडे. गोव्यातल्या राष्ट्रीय चळवळीचे अग्रणी त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांना पेनिशच्या समुद्रकाठच्या किल्ल्यात ठेवले होते. आणि सांगलीचे मोहन रानडे काशियशच्या तुरुंगात होते. रानड्यांना 1955 मध्ये बेती येथील पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात पकडले, 1960 मध्ये पोर्तुगालला नेले. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला, पण ते सुटले नाहीत. ते सुटले जानेवारी 1969 मध्ये. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके यांनी जिवाचे रान केले, हे आपल्या पिढीला ठाऊक असायला हवे.

लिस्बनहून कास्काइशला जाणारी गाडी नदीच्या आणि समुद्राच्या काठाने धावते. पर्यटक समुद्रस्नानाला जातात. वाटेत काशियश नावाचे छोटे स्टेशन लागते. वरच्या टेकडीवर आजही तुरुंग आहे, आत जाता येत नाही. आम्ही उतरलो, दहा मिनिटे उभे राहिलो. आईंनी पिशवीतून प्लास्टिकच्या डब्यातला गूळ-खोबऱ्याचा एक वडा काढून बाकावर ठेवला आणि म्हणाल्या, "चला." मुलांनी काही विचारले नाही.

2024 हे साल पोर्तुगालसाठी विशेष होते. 25 एप्रिल 1974 रोजी तिथली 48 वर्षांची हुकूमशाही सैनिकांच्या उठावाने संपली, त्याला पन्नास वर्षे झाली होती. गावभर लाल कार्नेशन फुलांची चित्रे लागली होती. या फुलांची कथा एका उपाहारगृहातली आहे. सेलेस्त काएरू नावाची बाई तिथे कामाला होती. त्या दिवशी उपाहारगृहाचा पहिला वर्धापनदिन होता आणि गिऱ्हाइकांना द्यायला फुले आणली होती. उठावामुळे मालकाने दुकान उघडले नाही आणि फुले घरी न्या म्हणून सांगितले. रस्त्यात एका सैनिकाने तिच्याकडे सिगारेट मागितली. ती नव्हती, म्हणून तिने फूल दिले. त्याने ते बंदुकीच्या नळीत खोचले. मग इतरांनीही मागितली. त्या क्रांतीला या फुलाचेच नाव पडले. सेलेस्तबाई नोव्हेंबर 2024 मध्ये वारल्या. क्रांतीनंतरच्या दोन दिवसांत काशियश आणि पेनिशचे दरवाजे उघडले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पोर्तुगालने गोवा भारताचा आहे हे करार करून मान्य केले. पत्रादेवीला ज्यांनी गोळ्या घातल्या, त्यांच्या धन्यांना अखेर त्यांच्याच लोकांनी घालवले.

इतिहासाच्या वर्गात मी 'पोर्तुगीज' असा एकच शब्द फळ्यावर लिहिते. तिथे जाऊन तो शब्द अनेक माणसांत फुटला. ज्या राजवटीने गोव्यात सत्याग्रहींना मारले, तिनेच आपल्या कोळ्यांना खाऱ्या माशाच्या सरकारी मोहिमेवर न्यूफाउंडलंड-ग्रीनलँडपर्यंत पाठवले. तिथे प्रत्येक जण एकेकट्या छोट्या होडीत बसून थंड धुक्यात गळ टाकत असे. तिनेच 1961 पासून पोरांना अंगोला, गिनी आणि मोझांबिकच्या लढायांवर धाडले.

आमच्या जागेखालची खाणावळ चालवणाऱ्या आजीबाई आईंच्याच वयाच्या होत्या. चौथ्या दिवशी मोबाइलच्या दुभाष्यावरून बोलणे झाले. कुठले तुम्ही, गोव्याचे का, असे त्यांनी विचारले. गोव्याच्या शेजारचे, असे लेकीने सांगितले. त्या म्हणाल्या, त्यांचा थोरला भाऊ गिनीच्या लढाईवर गेला होता, परत आला नाही. आईंनी ते भाषांतर दोनदा ऐकून घेतले. मग टोपलीतला पाव उचलला, तुकडा मोडला, सुपात बुडवला आणि खाल्ला. आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिले, कोणी बोलले नाही. रात्री मी न राहवून विचारले. त्या अंथरूण झटकत म्हणाल्या, "बाई माझ्या वयाची. तिने वाढले, मी जेवले. त्यात विचारण्यासारखे काय आहे?"

पोर्तोविषयी थोडक्यात. साओ बेंतो स्टेशनच्या भिंती टाइल्सच्या चित्रांनी भरल्या आहेत, गाडी चुकली तरी चालेल असे ते स्टेशन. पोर्तोच्या लोकांना 'वजडी खाणारे' असे टोपणनाव आहे. 1415 मध्ये स्यूटावर निघालेल्या आरमाराला गावाने सगळे चांगले मांस देऊन टाकले आणि स्वतःसाठी फक्त आतडी-कोथळा ठेवला, त्यातून तिथला पांढऱ्या घेवड्यातल्या वजडीचा पदार्थ जन्मला, असे ते सांगतात. कथा खरी की रचलेली, हा भाग वेगळा. पण मोहिमेवर जाणाऱ्यांची नावे पुस्तकात येतात आणि मागे राहून जेवण बांधून देणाऱ्यांची येत नाहीत, याची आठवण त्या गावाने आपल्या ताटात तरी ठेवली आहे.

लिस्बनहून सेव्हिलला आम्ही बसने गेलो. दोन देशांमधल्या सीमेवर ग्वादियाना नदी आहे, तिच्यावर 1991 चा पूल. बस थांबली नाही, कोणी पासपोर्ट पाहिला नाही. निळ्या पाटीवर चांदण्यांचे कडे, मध्ये 'एस्पान्या', आणि मोबाइलचे घड्याळ आपोआप एक तास पुढे गेले. एवढीच सीमा! आपल्या भागातल्या माणसाला सीमा या शब्दाचे वजन वेगळे सांगायला नको. या दोन देशांचाही ओलिव्हेन्सा नावाच्या गावावरून 1801 पासूनचा वाद आहे. गाव स्पेनकडे आहे, पोर्तुगालने ते कधी मनाने मान्य केलेले नाही. पण आता तिथल्या रस्त्यांच्या पाट्यांवर स्पॅनिश नावासोबत जुने पोर्तुगीज नावही लावलेले आहे. वाद आहे, आणि पाट्या दोन्ही भाषांत आहेत. मी यापुढे काही लिहीत नाही, वाचक सुज्ञ आहेत.

सेव्हिल मे महिन्यातही सोलापूरची आठवण करून देते. रस्त्याकडेला कडवट संत्र्यांची झाडे, दुपारी सारे गाव बंद, जेवण दुपारी तीनला आणि रात्री दहाला. 1503 पासून दोनशेहून अधिक वर्षे स्पेनचा अमेरिकेशी व्यापार या शहराच्या हातात होता. कॅथेड्रलमध्ये चार राजपुरुषांनी खांद्यावर पेललेली कोलंबसची शवपेटी आहे. टोमॅटो, मिरची, कोको युरोपात शिरले त्या वाटेवरचे हे मोठे नाके. इथले गाझपाचो म्हणजे थंडगार कच्च्या टोमॅटोचे सारच, फक्त फोडणीऐवजी लसूण, व्हिनेगर आणि ऑलिव्ह तेल. उन्हातून आल्यावर त्याला तोड नाही. आणि शाकाहारी मंडळींसाठी सांगते, इथे पालक-छोले मागावेत. 'एस्पिनाकास कोन गार्बान्सोस' असे त्याचे लांबलचक नाव. पालक, काबुली चणे, लसूण आणि चक्क जिरे. गुरुवारी आईंना हाच आधार होता. "अळूच्या फदफद्याची मावशी," असे त्यांनी तिला म्हटले.

जिरे आणि चणे इथे आले कुठून, याचे उत्तर शहराच्या मनोऱ्यांत आहे. पाचशेहून अधिक वर्षे इथे मुसलमान राजवट होती, ज्यू वस्ती होती. मग इन्क्विझिशन आले. नदीपलीकडच्या त्रियानाच्या भाजीबाजाराखाली सान होर्हे किल्ल्याचे अवशेष आहेत. 1481 पासून धर्मन्यायालयाचे ठाणे तिथे होते. बाटलेली माणसे घरात खरेच ख्रिस्ती झाली आहेत का, हे तपासायला त्यांच्या स्वयंपाकघरांवर नजर ठेवली जाई. डुकराच्या चरबीऐवजी तेलात रांधतात का, शनिवारसाठी शुक्रवारीच शिजवून ठेवतात का, अशा बातम्या शेजारी पुरवत. असेच न्यायालय 1560 मध्ये गोव्यात आले आणि 1812 पर्यंत टिकले. अ. का. प्रियोळकरांनी त्याचा इतिहास लिहिला आहे. 1736 च्या जाहीरनाम्यात दारी तुळस लावण्याबरोबरच हिंदूंप्रमाणे मिठाशिवाय भात शिजवण्यालाही बंदी होती. भातात मीठ आहे की नाही, हा सरकारचा प्रश्न होता! त्या बाजारात आज डुकराचे मांस, चणे, पालक आणि मसाले एकाच ओळीत मांडलेले असतात आणि कोण काय विकत घेतो, हे कोणी पाहत नाही. भाजी घेता घेता मुलांना मी हे सगळे सांगितले. वर्गात सांगितले असते तर एवढे लागले नसते.

असो. इतिहास आपण लढाया, तह आणि सनावळ्यांतून शिकवतो. तो भांड्यांतूनही शिकवता येतो आणि तिथे तो कमी खोटे बोलतो. आपले काय आणि परके काय, याच्या रेघा ताटात फार ठाम राहत नाहीत. पण म्हणून झालेले अन्याय पुसले जातात असे नाही. आईंनी पाव खाल्ला तरी पत्रादेवीचा दिवस त्यांच्या मनातून गेलेला नाही आणि जाऊही नये. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या मनात शेजारी शेजारी राहू शकतात, एवढे मात्र मी त्यांच्याकडून शिकले.

परतल्यावर मला एक गोष्ट खटकत राहिली. मुक्तिलढ्याविषयी आपल्याकडे बरेच लिहिले गेले आहे. सत्याग्रहींच्या याद्या आहेत, स्मारके आहेत, काहींना पेन्शनी मिळाल्या. पण त्या रात्री किती घरांत चुली पेटल्या होत्या, पीठ कोणी दिले, भाकऱ्या कोणी थापल्या, जखमींना पेज कोणी भरवली, याची नोंद मला कुठे सापडलेली नाही. बेळगाव, सावंतवाडी, बांदा, कारवार या पट्ट्यातल्या कितीतरी घरांनी हे केले असणार. त्या बायका आता बहुतेक नाहीत. त्यांच्या लेकी आहेत, आणि त्याही ऐंशीच्या घरात आहेत.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या घरात अशी कोणी आजी, मावशी, आत्या असेल तर या सुट्टीत तिच्याजवळ वही घेऊन बसा. कोणते साल, कोणते गाव, कोण आले होते, काय वाढले, हे तिच्या शब्दांत लिहून घ्या. त्यासाठी लिस्बनला जावे लागत नाही. मी आईंपासून सुरुवात केली आहे. पहिल्या पानावर त्यांच्या आईचे आणि चार शेजारणींचे नाव आहे. पाचवीचे नाव त्यांना आठवत नाही, ते आठवण्याचा प्रयत्न चालू आहे.